वेस्टनचं जुनं मनोरुग्णालय (वेस्ट व्हर्जिनिया): आतून फोटो काढण्याची तयारी

उजेडवाट

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पिट्सबर्गहून वेस्टनला जायचं ठरतंय. आय-७९ महामार्गाने सरळ खाली दोनेक तास. तिथलं ट्रान्स-अलेगेनी लुनॅटिक असायलम १९९४ पासून बंद आहे आणि आता तिकीट काढून आत जाता येतं. भुताखेतांच्या टूरमध्ये रस नाही. इमारत, तिच्यातला उजेड आणि पोपडे आलेल्या भिंती, एवढंच नीट वेळ काढून टिपायचं आहे.

साहित्य: फुल फ्रेम कॅमेरा, १६-३५ मिमी एफ/४ आणि ५० मिमी एफ/१.८ लेन्स, मध्यम वजनाचा ट्रायपॉड. रिमोट नाही.

विचारायचं ते असं. साध्या टूरमध्ये फोटो जमतात की वेगळी परवानगी घ्यावी? लांबलचक वॉर्डात टोकाची खिडकी पांढरीफटक आणि भिंती काळ्याठिक्कर येतात, त्यावर उपाय काय? आणि एवढ्या जुन्या इमारतीत मास्क लागतो का? लागत असेल तर कुठला? सोबत दहा वर्षांची मुलगी असेल, तिला आत न्यावं का?

दगडीवाडा

आधी इमारत कशी आहे ते समजून घ्या, म्हणजे कॅमेरा कुठे लावायचा हे तिथे गेल्यावर शोधत बसावं लागणार नाही.

ही किर्कब्राइड पद्धतीची इमारत. थॉमस स्टोरी किर्कब्राइड या फिलाडेल्फियाच्या डॉक्टरांनी १८५४ मध्ये मनोरुग्णालय कसं बांधावं यावर सविस्तर ग्रंथ लिहिला. उजेड, हवा आणि मोकळा परिसर हेच निम्मं औषध, असा त्यांचा विश्वास होता. मध्ये कार्यालयाची इमारत, दोन्ही बाजूंना पंख, एका बाजूला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला स्त्रिया. प्रत्येक पंख आधीच्या पंखाच्या थोडा मागे सरकवलेला. वरून पाहिलं तर उडणाऱ्या बगळ्यांची रांग दिसावी तसा आकार होतो. मागे सरकवण्याचं कारण साधं आहे: त्यामुळे प्रत्येक वॉर्डाची टोकं उघडी राहतात, तिथे खिडकी बसते आणि वारा आरपार वाहतो. शांत रुग्ण मध्याजवळ, आरडाओरडा करणारे अगदी टोकाला.

आता हेच छायाचित्रकाराच्या नजरेनं बघा. वॉर्ड म्हणजे मधोमध रुंद कॉरिडॉर आणि दोन्ही अंगांना एकेका रुग्णाच्या खोल्या. कॉरिडॉरला स्वतःच्या खिडक्या फक्त टोकाला. बाकीचा उजेड येतो तो खोल्यांच्या उघड्या दारांतून आणि दारांवरच्या झडपांतून. म्हणून दारं बंद असलेला वॉर्ड अंधारा बोगदा वाटतो, तर एकाआड एक दार उघडं असलेल्या वॉर्डात जमिनीवर उजेडाचे पट्टे पडतात. सगळी दारं उघडी असली की प्रकाश सपाट होतो. दारांना हात लावायची परवानगी आहे का ते वाटाड्याला विचारा. नसेल तर आहे तशी दारं घेऊन चौकट शोधा.

वेस्टनचं काम १८५८ मध्ये सुरू झालं, वास्तुरचनाकार रिचर्ड स्नोडेन अँड्र्यूज. मध्येच यादवी युद्ध आलं. १८६१ मध्ये ओहायोच्या सैनिकांनी या बांधकामासाठी गावच्या बँकेत ठेवलेलं सोनं उचलून नेलं. १८६४ मध्ये पहिले रुग्ण आले, आणि काम पूर्ण व्हायला १८८१ उजाडलं. हिशेब २५० रुग्णांचा होता, कारण त्याहून मोठं रुग्णालय एका प्रमुखाला सांभाळता येत नाही असं किर्कब्राइड यांचं मत. १९५० च्या दशकात तिथे सुमारे २४०० माणसं होती. एका खाटेची खोली किती लहान आहे ते पाहिलंत की हा आकडा अंगावर येतो. १६ मिमीने ती खोली दिवाणखान्याएवढी दिसते. तिथे ५० मिमी लावा, दाराबाहेरून घ्या, म्हणजे खोली आहे तेवढीच दिसेल. वाइड लेन्स इथे खोटं बोलते.

परवानगीबद्दल: २००७ मध्ये राज्याने इमारत लिलावात विकली, तेव्हापासून ती खासगी मालकीची आहे. वाटाड्यासोबतची इतिहासाची टूर असते, ती गटाच्या चालीनं पुढे सरकते. एका जागी दहा मिनिटं थांबायचं म्हटलं की गट पुढे गेलेला असतो. तुमच्यासारख्या कामाला फोटोग्राफीसाठी वेगळी वेळ ठरवूनच जा. फोन करून चार गोष्टी विचारा: ट्रायपॉड चालतो का, कोणकोणते मजले खुले आहेत, सोबत वाटाड्या राहणार का, आणि फोटो विकायचे किंवा छापायचे झाले तर लेखी परवानगी कशी मिळते. ऑक्टोबरात संध्याकाळी हॅलोविनच्या कार्यक्रमांची गर्दी असते, म्हणून आठवड्याच्या मधला दिवस आणि सकाळ धरा.

आणखी एक. मधल्या इमारतीत संग्रहालय आहे, काही भाग दुरुस्त करून रंगवलेले आहेत आणि काही जसेच्या तसे सोडलेत. तुम्हाला हवेत ते सोडलेले वॉर्ड. हे फोनवरच स्पष्ट सांगा, नाहीतर निम्मा वेळ नव्या रंगाच्या खोल्यांत जाईल.

एकआडएक

खिडकी आणि भिंतीचा प्रश्न सविस्तर घेतो.

अशा कॉरिडॉरमध्ये टोकाच्या खिडकीबाहेरचं आभाळ आणि जवळचा अंधारा कोपरा यांत दहा-बारा स्टॉपचा फरक सहज निघतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). एका रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या फोटोत) तो कागदावर मावतो, पण सावल्या उचलल्या की त्यांत कण उठतात आणि हिरव्या भिंती मातकट होतात. म्हणून ब्रॅकेटिंग, म्हणजे एकाच चौकटीचे कमी-जास्त उजेडाचे फोटो घेऊन ते नंतर जोडायचे. पाच फ्रेम, प्रत्येकी दोन स्टॉपच्या अंतराने. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/८ ठेवलं तर ढगाळ सकाळी साधारण अशी माळ येईल: ८ सेकंद, २ सेकंद, १/२, १/८, १/३०. सगळ्यात काळ्या फ्रेममध्ये खिडकीबाहेरची झाडं स्पष्ट दिसली पाहिजेत आणि सगळ्यात उजळ फ्रेममध्ये जवळच्या सावलीचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) डाव्या कडेपासून सुटलेला हवा. ऊन असेल तर १/१२५ ची सहावी फ्रेम हातानं घ्या. तीन फ्रेम एकेका स्टॉपने घेण्यात काही अर्थ नाही, त्यात जेमतेम दोन स्टॉप पदरात पडतात.

सेटिंग्जमध्ये चुका होतात त्या या. ऑटो फोकस चालू राहिला तर फ्रेमगणिक फोकस सरकतो आणि थर जुळत नाहीत; मॅन्युअलवर टाका. १६ मिमी, एफ/८ ला हायपरफोकल अंतर साधारण १.१ मीटर येतं, म्हणजे तिथे फोकस केला की अर्ध्या मीटरपासून अनंतापर्यंत चालून जातं. पण ते ‘चालून जाणं’ मोठ्या प्रिंटवर मऊ दिसतं. दोन मीटरवरच्या दाराच्या चौकटीवर लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावरचं दृश्य) मोठा करून फोकस करा, टोक जास्त तीक्ष्ण येईल. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद, कारण ते प्रत्येक लांब फ्रेमनंतर तेवढाच वेळ खातं. व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) ऑटोवर नको, पाचही फ्रेमना एकच ठेवा.

रिमोट नसला तरी अडत नाही, पण दोन सेकंदांचा टायमर इथे पुरत नाही. दहा सेकंदांचा लावा. लाकडी जमीन झुलते. बटण दाबून तुम्ही मागे सरकलात की फळ्या काही क्षण हलत राहतात, ट्रायपॉडही त्यांच्यासोबत. मुलगी सोबत असेल तर फ्रेम चालू असताना तिने त्याच वॉर्डात चालायचं नाही, हा नियम आधी समजावून ठेवा. आठ सेकंदांची फ्रेम दूरवरच्या पावलांनीही हलते, आणि कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ते कळत नाही. शंभर टक्के मोठं करून बघा, मगच जागा सोडा.

चौकट: कॅमेरा दोन्ही दिशांनी पातळीत. १६ मिमी जरा वर झुकवला की भिंती आत कलतात. उंची १२० ते १४० सेंमी. त्याहून खाली गेलात तर निम्मी चौकट जमीनच खाते. मधोमध उभं राहायचं असेल तर डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, दोन्ही भिंतींपासून टेपने मोजा. दोन-तीन सेंमीचा फरकसुद्धा टोकाच्या खिडकीत लगेच दिसतो, आणि नंतर सॉफ्टवेअरने ओढाताण केली की दारं वाकडी होतात.

फ्रेम जोडताना आपोआप होणारं टोन मॅपिंग (सॉफ्टवेअरने उजेड-अंधारातला फरक दाबणं) टाळा. खिडकीभोवती जी राखाडी प्रभा येते आणि भिंतींना जो प्लास्टिकचा तजेला चढतो तो त्याचाच. मधली फ्रेम पाया धरा, खिडकी १/३० किंवा १/८ मधून सॉफ्टवेअरमधल्या मास्कने (फ्रेमचा हवा तेवढाच भाग उघडा ठेवून) आणा, सावली २ सेकंदांच्या फ्रेममधून थोडीच. खिडकी किंचित जळलेली राहू द्या. आत अंधार असताना बाहेरचं पान न पान दिसलं तर डोळ्याला पटत नाही. बाहेर वारा असेल तर झाडं फक्त एकाच फ्रेममधून घ्या, नाहीतर पानांची भुतं होतात.

ट्रायपॉडला नकार मिळाला तर कॉरिडॉरचा हट्ट सोडा. ५० मिमी, एफ/२.८, आयएसओ १६००, १/६०, आणि कड्या, कुलपं, भिंतींचे पोपडे, खिडकीच्या जाळ्या एवढंच काढा. त्यातही दिवस कमी पडेल.

पोपड्यांबद्दल थोडं, कारण सगळ्यांना तेच हवे असतात. जुन्या गिलाव्यावर आधी खडूच्या भुकटीचा पातळ रंग, त्यावर नंतरच्या काळात तेलरंगाचे थर. हीटिंग बंद झाल्यावर भिंत हिवाळ्यात गोठते, उन्हाळ्यात ओल धरते; खालचा खडूचा थर सुटतो आणि वरचे तेलरंगाचे थर एकत्र गुंडाळी होऊन लोंबतात. म्हणून एकाच पोपड्याच्या कडेला चार-पाच रंग दिसतात. हे टिपायला उजेड भिंतीला जवळजवळ समांतर हवा, म्हणजे खिडकीच्या लगतची भिंत. समोरून फ्लॅश मारला की सगळं सपाट.

श्वासमात्रा

वरचा शेवटचा परिच्छेद वाचून कुणी पोपड्याला बोट लावू नये म्हणून लगेच लिहितोय.

तो रंग शिशाचा आहे असंच धरून चाला. अमेरिकेत घरांसाठी शिशाच्या रंगावर बंदी आली १९७८ मध्ये, आणि या भिंती त्याच्या खूप आधीपासून रंगवत आलेल्या. भिंतीला टेकू नका, बॅग जमिनीवर उघडी ठेवू नका, आत काही खाऊ-पिऊ नका. बाहेर आल्यावर हात साबण-पाण्यानेच धुवा; सॅनिटायझरने शिसं जात नाही, ते नुसतं पसरतं. ट्रायपॉडचे पायही ओल्या कापडाने पुसा आणि ते कापड फेकून द्या. पायांना रबर असू दे. टोकदार खिळ्यांचे पाय जुन्या फरश्या खरवडतात. नऊ इंची चौकोनी फरशा दिसल्या तर त्यांत आणि त्यांच्या गोंदात ॲस्बेस्टॉस (फुप्फुसांना घातक तंतू असलेलं खनिज) असण्याची शक्यता मोठी. वाफेच्या नळांवरचं पांढरं, प्लास्टरसारखं वेष्टणही तसंच. न हलवलेलं ॲस्बेस्टॉस सहसा त्रास देत नाही. फुटलेलं, लोंबणारं दिसलं तर त्या खोलीतून निघा.

तिसरी गोष्ट या भागाचीच आहे. ओहायो आणि मिसिसिपी नद्यांच्या खोऱ्यांत हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी मातीत असते आणि पक्ष्यांच्या, वटवाघळांच्या विष्ठेवर फोफावते. तिचे बीजाणू दोन ते पाच मायक्रॉनचे, थेट फुप्फुसात जाणारे. कबुतरांची शीट साचलेला पोटमाळा किंवा जिना असेल तर फोटो कितीही सुंदर दिसत असो, तो सोडा. भेटीनंतर तीन ते सतरा दिवसांत ताप, कोरडा खोकला, गळून जाणं असं काही झालं तर डॉक्टरांना ‘जुन्या इमारतीत गेलो होतो’ हे आपणहून सांगा. नाहीतर साधा न्यूमोनिया समजून औषधं चालू राहतात.

मास्क: रोज लोकांसाठी खुल्या असलेल्या वॉर्डांत एन-९५ पुरतो. पी-१०० फिल्टरचा अर्ध्या चेहऱ्याचा रेस्पिरेटर त्याहून चांगला. निळा सर्जिकल मास्क किंवा रुमाल यांचा उपयोग नाही, हवा बाजूने आत येते. दाढी असेल तर एन-९५ सुद्धा बसत नाही, हे लोक विसरतात. दोन दिवसांची खुंटंसुद्धा कडा उचलून धरतात. आणि मास्क लावून व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की काच धुकट होते, म्हणून मागचा पडदा वापरा.

मुलीबद्दल: न रंगवलेल्या वॉर्डांत नेऊ नका. वाढत्या वयात शिसं जास्त घातक, आणि लहान चेहऱ्यावर मोठ्यांचा एन-९५ बसत नाही. दुरुस्त केलेल्या भागातली तासाभराची टूर तिच्यासोबत करा, नंतर एकाने बाहेर थांबावं. घरी गेल्यावर बूट बाहेर, कपडे वेगळे धुवा, आणि गाडीच्या सीटवर त्याच कपड्यांत बसायचं नाही. डिकीत एक जोड ठेवा.

उजेडवाट

इतकं सविस्तर! मनापासून आभार. मुलीचा बेत त्याप्रमाणे बदलतो. संग्रहालयात रुग्णांनी काढलेली चित्रं आहेत असं कळलं, जुन्या नोंदीही असतील. त्यांचे फोटो काढून इथे टाकले तर चालतील का? आणि जवळपास अशी आणखी कुठली वास्तू त्याच सहलीत जोडता येईल?

मायेची_सावली

चित्रांचे फोटो काढायला हरकत नसेल तर काढा, पण नाव असलेली नोंद, पत्र, छायाचित्र असं काही जाहीर करू नका. १९९४ ला बंद झालेलं रुग्णालय म्हणजे तिथे राहिलेली कितीतरी माणसं आजही हयात आहेत, त्यांची मुलं-नातवंडं त्याच गावात आहेत. न्यूयॉर्क राज्यातलं विलर्ड मनोरुग्णालय १९९५ मध्ये बंद होताना माळ्यावर रुग्णांच्या चारशेहून जास्त बॅगा सापडल्या. माणसं आत येताना घेऊन आलेली: कपडे, पुस्तकं, शिवणकाम, पत्रं. त्या बॅगा आता राज्याच्या संग्रहालयात आहेत. त्यांचे फोटो प्रसिद्ध झाले तेव्हा आडनावं झाकली होती, आणि तरीही त्या माणसांबद्दल इतकं काही कळतं की नाव नसल्याची उणीव जाणवत नाही.

दुसरं म्हणजे रचलेली दृश्यं. चाकाची खुर्ची ओढून कॉरिडॉरच्या मधोमध ठेवायची, भिंतीवर बाहुली टेकवायची, हे नको. १९५२ मध्ये वॉल्टर फ्रीमन या डॉक्टरने वेस्ट व्हर्जिनियाच्या सरकारी मनोरुग्णालयांत फिरून दोनेक आठवड्यांत २२८ लोबोटॉमी (मेंदूच्या पुढच्या भागाची जोडणी तोडणारी शस्त्रक्रिया) केल्या. भुवईखालून सुई घालून. ज्या भिंतींनी हे पाहिलंय तिथे आपण नाटक मांडावं असं काहीच शिल्लक नाही. फोटोखाली वर्ष, वॉर्ड आणि ती जागा कशासाठी होती एवढं लिहा. ‘वेड्यांचा भूतबंगला’ असलं शीर्षक कृपा करून नको.

जोडीला ओहायोतलं अथेन्स बघा. वेस्टनहून दोन-अडीच तास. तिथली किर्कब्राइड इमारत १८७४ ची, आता ओहायो विद्यापीठाकडे आहे, परिसराला ‘द रिजेस’ म्हणतात. मधल्या भागात कलासंग्रहालय आहे. पंखांमध्ये मनाने घुसू नका, पण आवार आणि दफनभूमी चालत बघता येते. कित्येक थडग्यांवर नाव नाही, फक्त आकडा कोरलाय. सकाळच्या तिरप्या उन्हात झिजलेले आकडे वाचता येतात, दुपारी नाहीत. एका बाजूने पांढरा पुठ्ठा धरलात तर सावली मऊ होते. दगड पाण्याने किंवा खडूने घासून आकडा उठवू नका, दगड खराब होतो.

न्यू जर्सीकर मंडळी अजून तिथल्या ग्रेस्टोन मनोरुग्णालयाचं विचारतात: पार्सिपनीजवळची ती मुख्य इमारत २०१५ मध्ये पाडली. बोस्टनजवळच्या डॅनव्हर्स मनोरुग्णालयाचा फक्त मधला दर्शनी भाग उरलाय, मागे सदनिका. उत्तरेला कधी गेलात तर बफेलोचं, वास्तुरचनाकार एच. एच. रिचर्डसन यांचं लाल दगडाचं जुनं मनोरुग्णालय जरूर बघा, मनोऱ्यांखाली आता हॉटेल आहे.

कोकणकडा

धागा छान. आपल्याकडे महाराष्ट्रात असं काही करता येईल का? ठाणे, रत्नागिरीच्या आवारात जुन्या देखण्या इमारती आहेत.

मायेची_सावली

ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही चारही प्रादेशिक मनोरुग्णालयं चालू आहेत. तिथे माणसं उपचार घेत आहेत. त्यामुळे ‘पडीक वास्तू’ म्हणून तिथे जाण्याचा प्रश्नच येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. फाटकाबाहेरून झूम लावून काढणंही त्याच वृत्तीचं. इमारतींचं दस्तऐवजीकरण करायचं असेल तर अधीक्षकांकडे लेखी अर्ज करा. कोणती इमारत, कोणत्या वेळी, कशासाठी, फोटो कुठे वापरणार हे लिहा आणि चौकटीत माणूस येणार नाही याची हमी द्या.

एकआडएक

@उजेडवाट, एक राहिलं. ऑक्टोबरात दगडी भिंतींच्या आत दुपारीसुद्धा बाहेरपेक्षा बरंच थंड असतं. दोन-तीन तासांनी कॅमेरा घेऊन उबदार, दमट हवेत आलात की लेन्सवर आणि आत सेन्सरवरही दव धरतं. बाहेर पडण्याआधी आतच कॅमेरा बॅगेत घालून चेन लावा आणि गाडीत अर्धा-पाऊण तास उघडू नका. मेमरी कार्ड त्याआधीच काढून खिशात ठेवा, म्हणजे फोटो बघायला बॅग उघडावी लागणार नाही. लाइव्ह व्ह्यू आणि लांब एक्स्पोजर बॅटरी भराभर संपवतात. तीन न्या, जादा दोन आतल्या खिशात अंगाच्या उबेत ठेवा.